पस्तिशीनंतर दिवस राहायचे असतील तर: आधीचे तीन महिने आणि नंतरचे तेरा आठवडे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पहिलं बाळंतपण पस्तिशीच्या आसपास होणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणाचं शिक्षण लांबलं, कुणाची पुण्या-बंगळूरची नोकरी, कुणाचं लग्न उशिरा जमलं किंवा दुसऱ्यांदा झालं, कुणाची वर्षं उपचारांत गेली. तीन मुलं झालेल्या बेचाळिशीच्या बाईला पुन्हा दिवस जाणं तर पूर्वीपासूनच चालत आलेलं आहे. या दोघींच्या गरजा वेगळ्या असल्या तरी दोघींनाही उपयोगी पडणारी बहुतेक कामं दिवस राहण्याआधीच्या तीन महिन्यांत आणि राहिल्यानंतरच्या पहिल्या तेरा आठवड्यांत उरकायची असतात. आपल्याकडची रीत मात्र नेमकी उलटी आहे. "तीन महिने झाल्याशिवाय कुणाला सांगू नये" म्हणून बाई गप्प राहते, आशाताईला चौथ्या महिन्यात कळतं आणि तोवर महत्त्वाच्या तपासणीची मुदत संपलेली असते. शेजारीपाजारी हवं तर सांगू नका. पण डॉक्टरांना आणि आशाताईला पाळी चुकली त्याच आठवड्यात सांगा.

वयानं नेमकं काय बदलतं

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशात साधारण दहा ते वीस लाख स्त्रीबीजं असतात. नवी तयार होत नाहीत. वयात येताना तीन-चार लाख उरतात, सदतिशीच्या सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास. संख्या घटते त्यापेक्षा दर्जा घटतो ही मोठी अडचण आहे. बीज परिपक्व होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटून अर्धी-अर्धी वाटणी व्हावी लागते. या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं पस्तीस-चाळीस वर्षांत झिजतात आणि वाटणी चुकण्याचं प्रमाण वाढतं. चुकीची वाटणी झालेला गर्भ बहुतेक वेळा रुजतच नाही किंवा पहिल्या काही आठवड्यांत पडतो. म्हणून दिवस राहायला वेळ लागणं, गर्भपात वाढणं आणि डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्यानं बाळाची वाढ आणि बुद्धी मागे राहते तो जन्मजात दोष) वाढणं या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे.

जन्माच्या वेळी डाऊन सिंड्रोमची शक्यता विसाव्या वर्षांच्या मध्याला साधारण १२५० मध्ये १, पस्तिशीला ३५० मध्ये १, चाळिशीला १०० मध्ये १ आणि पंचेचाळिशीला ३० मध्ये १ अशी असते. म्हणजे चाळिशीतसुद्धा शंभरातल्या नव्याण्णव बाळांना तो नसतो. गर्भपाताचे आकडे जास्त बोचरे आहेत: विशीत दहातल्या एकीचा, पस्तिशी ते चाळिशीत चार-पाचातल्या एकीचा, पंचेचाळिशीत निम्म्याहून जास्त जणींचा. असा गर्भ पडला तर सुनेनं जड उचललं, प्रवास केला, पपई खाल्ली अशी कारणं घरात शोधली जातात. त्या बाईला दोष देणं तिथल्या तिथे थांबवायला हवं, कारण गुणसूत्रांची चूक बीज तयार होतानाच झालेली असते.

आधीचे तीन महिने

पहिली गोळी फोलिक ॲसिडची. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ धरल्यापासून चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. नोंदणी झाल्यावर सुरू केलेली गोळी या कामाला उशिराची ठरते. रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधी किमान एक महिना, जमल्यास तीन महिने, आणि नंतर बाराव्या आठवड्यापर्यंत. मेडिकलमध्ये सहज मिळते ती गोळी बहुधा ५ मिलिग्रॅमची, म्हणजे बारापट जास्त असते. ती मधुमेह असलेल्या, फिटची औषधं घेणाऱ्या किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असलेल्या बाईला डॉक्टर देतात. इतरांनी पाकिटावरचा आकडा बघूनच घ्यावी.

दुसरं, चालू असलेली औषधं. पस्तिशीत बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्या सुरू असणं आता नेहमीचं झालं आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. दिवस राहण्याचा विचार आहे हे डॉक्टरांना सांगून लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपावर बदलून घ्यायच्या. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारा. फिटसाठी व्हॅलप्रोएट चालू असेल तर मेंदूविकार तज्ज्ञांना भेटून औषध बदलल्याशिवाय प्रयत्नच करू नयेत. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन किमान एक महिना आधी बंद असावी लागते.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, रक्तगट, थायरॉईडची टीएसएच आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीएवनसी घ्या. मधुमेह असलेल्या बाईची एचबीएवनसी ६.५ च्या खाली आणूनच प्रयत्न करावेत. ती १० च्या वर असताना दिवस राहिले तर बाळाच्या हृदयात आणि मणक्यात दोष येण्याचा धोका खूप वाढतो. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी टीएसएच २.५ च्या खाली ठेवावी. पाळी चुकताच पुन्हा तपासावी, कारण बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. रुबेलाची लस घेतलेली नसेल तर घ्या आणि पुढे एक महिना दिवस राहू देऊ नका.

आपल्या भागात एक तपासणी जास्त मोलाची आहे. मामा-भाची, आते-मामे भावंडं अशी नात्यातली लग्नं इथे अजून होतात. एरवी शंभरातल्या दोन-तीन बाळांना जन्मतः काही गंभीर दोष असतो. आते-मामे भावंडांच्या लग्नात हे प्रमाण साधारण दुप्पट होतं आणि मामा-भाचीच्या लग्नात जनुकांचा सामायिक वाटा त्याहून जास्त असतो. हा धोका वयाच्या धोक्यापेक्षा वेगळा आहे, वयासाठीच्या तपासण्यांत तो दिसत नाही. म्हणून नात्यातलं लग्न असेल तर दोघांनी थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी आयुष्यात एकदा करून घ्यावी. घरात पूर्वी एखादं मूल बहिरं, मतिमंद किंवा लहानपणी गेलेलं असेल तर जनुकतज्ज्ञांचा सल्ला दिवस राहण्याआधीच घ्यावा. नंतर धावपळीत तो होत नाही.

निपाणी भागात विडी वळणाऱ्या बायकांसाठी वेगळं लिहायला हवं. तंबाखूतलं निकोटीन फक्त ओढल्यानं किंवा चघळल्यानं नाही, तर हाताच्या कातडीतून आणि धुळीतूनही अंगात जातं. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तर ते थेट हिरड्यांतून रक्तात उतरतं. वारेच्या रक्तवाहिन्या त्यानं आकसतात, बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरण्याआधी होतं, कधी पोटातच जातं. मिश्री पूर्ण थांबवायची, "फक्त सकाळी एकदा" असं नाही. विडीचं काम सोडणं परवडत नसेल तर निदान तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवू नका, भिजवणं-चाळणं दुसऱ्या कुणाकडे द्या, काम मोकळ्या हवेत करा आणि जेवणाआधी साबणानं हात धुवा. यानं धोका कमी होतो, संपत नाही.

आणि नवरा? वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त आणि सोपी तपासणी. तरी दोन-तीन वर्षं बाईच्याच सोनोग्राफ्या होत राहतात. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून तंबाखू, दारू सोडल्याचा फायदा लगेच नाही, तीन महिन्यांनी दिसतो.

वाट किती पाहायची

पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी बीज बाहेर पडतं. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदाव्या दिवशी, ३२ दिवसांची असेल तर अठराव्या. त्या दिवसासह आधीचे पाच दिवस उपयोगाचे. पंचांग बघत बसण्यापेक्षा पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणं पुरतं. पस्तिशीच्या आत एक वर्ष वाट पाहावी, पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीनंतर वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जावं. एएमएच ही रक्ततपासणी बीजांचा साठा किती उरला ते सांगते, दर्जा सांगत नाही. आकडा कमी आला म्हणजे आपोआप दिवस राहणारच नाहीत असं नाही, आणि चांगला आला म्हणून दोन वर्षं निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. टेस्ट ट्यूबच्या उपचारांनी बीजाचं वय कमी होत नाही. स्वतःच्या बीजावर त्रेचाळिशीनंतर यश फार थोडं मिळतं. २०२१ च्या कायद्यानुसार हे उपचार बाईला पन्नाशीपर्यंत आणि पुरुषाला पंचावन्नपर्यंतच देता येतात.

बेचाळीस-त्रेचाळीसच्या बायकांची चूक उलट असते. पाळी दोन महिने आली नाही की "आता जायला लागली" असं धरून चालतात आणि पोट दिसायला लागल्यावर कळतं. पाळी पूर्ण एक वर्ष बंद नसेल तर दिवस जाऊ शकतात. मेडिकलमधलं लघवी तपासायचं किट घ्या, सकाळच्या पहिल्या लघवीवर तपासा.

पहिले तेरा आठवडे

सहा ते आठ आठवड्यांत पहिलं स्कॅनिंग. गर्भ पिशवीतच आहे, बीजवाहक नळीत नाही, हे पाहणं हे त्याचं पहिलं काम. पस्तिशीनंतर नळीतला गर्भ जास्त वेळा आढळतो. एका बाजूला ओटीपोटात दुखणं, थोडं अंगावरून जाणं, चक्कर, खांद्यात कळ यांतलं काहीही झालं तर त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. दुसरं काम म्हणजे जुळी आहेत का आणि तारीख बरोबर आहे का ते पाहणं. पुढचं सगळं वेळापत्रक या तारखेवर चालतं.

मग येते ती मुदत जी सर्वांत जास्त वेळा चुकते: ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. या काळात, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना, मानेमागचं पाणी आणि नाकाचं हाड पाहणारं एनटी स्कॅन होतं आणि डबल मार्कर तपासणीसाठी रक्त घेतलं जातं. दोन्हीचा आणि आईच्या वयाचा मिळून एक अंदाज निघतो. वय इथे सरळ गणितात जातं. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेल्या कितीतरी बायका आहेत आणि आधारवरही तीच आहे. खरं वय दोन-तीन वर्षांनी वेगळं असेल तर ते लॅबच्या फॉर्मवर सांगा, वजनही त्या दिवशीचं लिहा. दुसऱ्या बाईचं बीज वापरलं असेल तर वय त्या बाईचं धरलं जातं.

रिपोर्टवर "१:१५०, हाय रिस्क" असं आलं की घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ असा: असाच रिपोर्ट आलेल्या १५० बायकांपैकी एकीच्या बाळाला डाऊन असेल, १४९ जणींच्या नसेल. हा अंदाज आहे, निदान नाही. पुढचा पर्याय एनआयपीटी. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएवरून ही तपासणी होते. डाऊनची शंभरातली नव्याण्णव बाळं ती पकडते, पण खर्चिक आहे आणि तिचाही होकार चुकू शकतो. पक्कं उत्तर फक्त दोन तपासण्या देतात: ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा घेणं किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास सुईनं गर्भजल काढणं. गर्भजल काढल्यानं गर्भ पडण्याचा धोका अनुभवी हातात दोनशेत एक किंवा त्याहूनही कमी असतो. घाईचा रिपोर्ट काही दिवसांत येतो, सगळ्या गुणसूत्रांचा यायला दोन-तीन आठवडे लागतात.

ही घाई कायद्यासाठीही लागते. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. वीस ते चोवीस आठवड्यांत बाळातल्या गंभीर दोषासारख्या ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. त्यापुढे फक्त मोठ्या दोषासाठी आणि वैद्यकीय मंडळाच्या परवानगीनं. तपासणी करायची की नाही, रिपोर्ट आल्यावर काय करायचं, हा निर्णय त्या आईबापांचाच आहे. डाऊन असलेलं मूल वाढवण्याची तयारी म्हणूनही अनेक जण तपासणी करतात. उशीर झाला की हा पर्याय हातातून जातो, एवढंच लक्षात ठेवावं. १९९४ च्या कायद्यानं यातल्या कुठल्याही तपासणीतून मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे. स्कॅनिंगआधी भरून घेतला जाणारा फॉर्म त्यासाठीच असतो.

मधले महिने

पस्तिशीनंतर बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा त्रास, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, जास्त होतो. आधीच बीपी किंवा शुगर असेल तर तेवढ्यावरूनच, आणि चाळिशी उलटलेली, पहिलटकरीण, जाड, जुळी असलेली, यांतल्या दोन गोष्टी जुळत असतील तरी बाराव्या आठवड्याला डॉक्टरांना कमी डोसच्या ॲस्पिरिनबद्दल विचारा. ७५ ते १५० मिलिग्रॅम, रात्री, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू. उशिरा सुरू केली तर फारसा उपयोग होत नाही, कारण वार पिशवीत रुजण्याचं काम तोवर संपत आलेलं असतं. या गोळीबद्दल इथल्या बायकांनी जगाला माहिती दिली आहे. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या सहा देशांच्या अभ्यासात बेळगावच्या जेएनएमसी या वैद्यकीय महाविद्यालयानं भाग घेतला होता. जवळपास १२ हजार पहिलटकरणींत ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिननं दिवस भरण्याआधीची बाळंतपणं ११ टक्क्यांनी कमी झाली. अर्थात पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास असलेल्यांनी स्वतःच्या मनानं सुरू करू नये.

शुगरची ग्लुकोज पाण्याची टेस्ट पहिल्या भेटीतच आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. उपाशी असायची गरज नाही. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणाचा मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची असते. दवाखान्यात हे सांगायला बायका संकोचतात आणि रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येतो. शुगर निघाली तर उपास नाही. दिवसात तीन जेवणं, तीन छोटी खाणी, भाताऐवजी ज्वारीची भाकरी, सोबत उसळ किंवा अंडं, जेवणानंतर वीस मिनिटं चालणं. दोन आठवड्यांत आकडे खाली आले नाहीत तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दोन. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन्ही एकत्र घेतली तर लोह शोषलं जात नाही, म्हणून मध्ये दोन तास ठेवा आणि चहा लोहाच्या गोळीपासून तासभर दूर. लोहाच्या गोळीनं बाळ काळं होत नाही, शौचाचा रंग मात्र काळा होतो. नाचणीचं आंबील चांगलंच, पण ते कॅल्शियमच्या गोळीची जागा घेत नाही. १८ ते २० आठवड्यांत बाळाचे अवयव पाहणारं स्कॅनिंग, आधीचं सिझेरियन असेल तर वार जुन्या टाक्यांवर आली आहे का हे मुद्दाम विचारायचं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याला अँटी-डी इंजेक्शन.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तायी कार्डावर (कर्नाटकात गरोदर बाईला नोंदणीच्या वेळी मिळणारं कार्ड) जोखमीची नोंद झाली असेल तर ती तारीख चुकवू नका.

माहेर, सीमा आणि पाऊस

माहेर चंदगड, गडहिंग्लज, मिरज किंवा कोल्हापूरला असलेल्या बायका सातव्या महिन्यात, डोहाळजेवणानंतर, सीमेपलीकडे महाराष्ट्रात जातात. तायी कार्ड कन्नडमध्ये असतं आणि तिथल्या डॉक्टरांना ते वाचता येत नाही. निघण्याआधी इथल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पान लिहून घ्या: तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, चालू औषधं, आधीची बाळंतपणं. स्कॅनिंगचे सगळे मूळ रिपोर्ट सोबत, फोनमध्ये फोटो. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि रक्त दोन्ही राज्यांत मोफत आहे, त्यामुळे "आपलं कार्ड तिकडे चालणार नाही" या भीतीनं घरी थांबू नका. पहिलटकरीण पस्तिशीची असेल तेव्हा तिची आई साठी-पासष्टीची असते. रात्री-अपरात्री गाडी कोण काढणार हे आधीच ठरलेलं असू द्या. खरं तर जोखीम असलेल्या बाईनं सासर-माहेर हा विचार बाजूला ठेवून जिथे रात्री सिझेरियन आणि रक्त दोन्ही मिळतं त्या गावात राहावं. बेळगावात सिव्हिल आणि केएलई या दवाखान्यांत तशी सोय आहे.

खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडच्या वाड्यांत पावसाळ्यात वाट बंद होते. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला शेवटची पाळी आली असेल तर बाळंतपणाची तारीख ८ जुलैला येते, ऐन धो-धो पावसात. प्रयत्न पुढे ढकलायला पस्तिशीनंतर वेळ नसतो, म्हणून बाईला हलवायचं नियोजन करा: ३७ व्या आठवड्याच्या आत खानापूर किंवा बेळगावात नातेवाइकांकडे.

शेवटचे आठवडे आणि नंतर

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची हालचाल रोज मोजा. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. कमी वाटली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी जा. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, एकाएकी तोंड सुजणं ही बीपीची चिन्हं आहेत.

चाळिशीच्या बाईला ३९ व्या आठवड्यात बाळ पोटात जाण्याचा जेवढा धोका असतो, तेवढा विशीतल्या बाईला ४१ व्या आठवड्यात असतो. म्हणून डॉक्टर ३९-४० आठवड्यांत कळा सुरू करायचा सल्ला देतात. पस्तिशीच्या पुढच्या बायकांत असं केल्यानं सिझेरियन वाढत नाही, हे अभ्यासात दिसलं आहे. वय झालं म्हणून सरसकट सिझेरियन करायला कारण नाही.

बाळ झाल्यावर पिशवी नीट आकसली नाही तर रक्तस्राव होतो आणि वयानुसार तो वाढतो. बाळ बाहेर येताच दिलं जाणारं ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन त्यावरचा पहिला उपाय. इंजेक्शन नसेल तिथे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या चालतात, आणि त्याचा पुरावा बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांतून आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६२० बायकांमध्ये, नर्सबाईंनी केलेल्या बाळंतपणांत, ६०० मायक्रोग्रॅम गोळ्यांनी रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. तरी जोखमीच्या बाईसाठी तिच्या गटाचे दोन रक्तदाते नाव-फोनसह आधी ठरवून ठेवावेत.

बाळंतपणानंतरचे दहा दिवस बीपी मोजत राहा, कारण ते तेव्हाही चढतं. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईनं सहा ते बारा आठवड्यांत तीच ७५ ग्रॅमची टेस्ट, या वेळी उपाशी पोटी, पुन्हा करावी आणि पुढे दरवर्षी शुगर तपासावी. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशी आईचंही रक्त काढून घेतलं तर वेगळी फेरी पडत नाही.